गेरू लावलेले वाल

दहा जानेवारी, शनिवार. त्या दिवशी मी श्रीखंडाचे रिकामे डबे धूत होते. आमच्या हॉस्पिटलातल्या अभ्यासासाठी वापरलेले हे डबे. कागदपत्रं सगळी पाठवून झाली होती, कपाट मोकळं करून द्यायचं होतं, आणि डबे टाकून देण्यासारखे नव्हते. प्रत्येकावर नंबराची चिकटपट्टी. ती साबणाने निघत नाही. खोबरेल लावून थोडा वेळ ठेवावं लागतं, मग नखाने खरवडली की सुटते. निम्म्याहून जास्त डबे झाले होते तेव्हा फोन वाजला. हात तेलकट, म्हणून स्पीकरवर टाकला. रंजना होती, सगुणाआजीची नातसून. "सिस्टर, आजी गेली," म्हणाली. "सकाळी उठलीच नाय. मी चहा घेऊन गेले तर..." मी विचारलं, कधी नेणार. ती म्हणाली, मोठा मुलगा उरणहून निघालाय, चार वाजतील. येते म्हटलं, फोन बंद केला आणि उरलेले डबे धुतले. हे कोणाला कोरडं वाटेल. पण तेल लावून ठेवलेले डबे तसेच टाकून गेले असते तर सगळ्यात आधी सगुणाआजीनेच मला झापलं असतं.

रेवदंड्याच्या आतल्या अंगाला, खाडीच्या बांधाला लागून भातशेतीचं एक गाव आहे. सगुणाआजी तिथली सुईण. तिने शेवटचं बाळंतपण केलं त्याला वीसेक वर्षं झाली असतील. रस्ता झाला, गाड्या आल्या, बाया दवाखान्यात यायला लागल्या आणि तिची पिशवी खुंटीला लागली. माझी आणि तिची ओळख फार जुनी नाही, जेमतेम अडीच वर्षांची. मी अलिबागच्या बाजूला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात परिचारिका आहे, बाळंतिणींचा वॉर्ड माझ्याकडे. माझ्या नोकरीला चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला शिकवायला पुष्कळ लोक आले. सगुणाआजीइतकं कोणी शिकवलं नाही, आणि तिला तर सहीसुद्धा येत नव्हती.

अभ्यास कशाचा होता ते सांगायलाच हवं. रविवारची पुरवणी चहाबरोबर वाचतात हे मला माहीत आहे, पण शब्द टाळून हा लेख लिहिता येणार नाही. शौचाला न आवरणं, हा तो आजार. बाळ बाहेर येताना कधीकधी बाईचा खालचा स्नायू फाटतो. वरून जखम भरते, आतली पकड सैल राहते, आणि वय वाढेल तशी आणखी सैल होते. मग खोकला आला, डोक्यावर पाटी घेतली, जरा घाई लागली, की आवरत नाही. हा आजार जीव घेत नाही, त्यामुळे त्याची चौकशी कोणी करत नाही. पण तो बाईला लग्नाच्या पंगतीतून उठवतो, देवळातून उठवतो, एसटीतून उतरवतो, नवऱ्याच्या शेजारून बाजूला करतो. आमच्या डॉक्टरबाई सर्जन आहेत. त्यांना तपासायचं होतं की पकडीचा व्यायाम एका छोट्या यंत्रावर शिकवला तर खरंच उपयोग होतो का. यंत्र म्हणजे बोटाएवढी नळी आणि एक पडदा. स्नायू आवळला की पडद्यावरची रेघ वर चढते, सोडला की उतरते. निम्म्या बायांना हा व्यायाम शिकवायचा, निम्म्यांना नुसतं इसबगोल आणि खाण्यापिण्याचा सल्ला. कोण कुठल्या गटात, हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. उपयोग दिसला तर दुसऱ्या गटालाही शेवटी यंत्र मिळणार. दर बाईला एक तक्ता, त्यावर रोज खूण करायची, आज किती वेळा झालं. मी समन्वयक, म्हणजे गावोगावची पायपीट माझी.

पहिले तीन महिने एकही बाई आली नाही. आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रांतून पत्रकं लावली होती. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, "मलविसर्जनावरील अनियंत्रणाने त्रस्त महिलांसाठी". असंच एक पत्रक आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर होतं. कोणाच्या तरी सुनेला घेऊन आलेली एक उंच, काटक म्हातारी त्याच्यासमोर उभी राहून विचारायला लागली, "ह्ये काय लिवलंय गं बाय?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "असला रोग आमच्या गावात कुनाला न्हाय." मग मी साध्या शब्दांत सांगितलं. तिने पदर नीट केला, पत्रकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि म्हणाली, "मंग तसं लिव ना. जिला लुगडं लपून धुवाया लागतं, ती बाय, असं लिव." पुढच्या बुधवारी ती दोन बायांना घेऊन आली. त्याच्या पुढच्या बुधवारी तिघींना. तेव्हा मला कळलं, ही सुईण.

बायांना चिठ्ठीची भीती वाटायची. आपल्याला यंत्र नाही मिळालं तर, डॉक्टर आपल्यावर काही करून बघतायत की काय... संमतीपत्र मी दोनदा वाचून दाखवायचे आणि त्या तिसऱ्यांदा आजीच्या तोंडाकडे बघायच्या. आजीने एका वाक्यात काम केलं. त्यांच्या गावात खारबांधाच्या उघाडीवर, म्हणजे खाडीचं पाणी सोडायच्या दारावर, मासळीचं जाळं लावायची पाळी दरवर्षी चिठ्ठी टाकून ठरते. ती म्हणाली, "उघाडीला चिठ्ठी टाकता तेव्हा सरपंच हाय का गरीब हाय, चिठ्ठी बघते का? ही बी तीच चिठ्ठी." बायांनी अंगठे दिले. डॉक्टरबाईंनी हे वाक्य लिहून घेतलं आणि पुढे सगळ्या गावांत मी तेच सांगत फिरले.

बायांना घेऊन ती एसटीने यायची आणि पूर्ण रस्ताभर उभी राहायची. जागा रिकामी असली तरी. पंच्याहत्तरीची बाई, दांड्याला धरून. आमच्याकडे आल्यावरही बाकावर बसायची नाही, भिंतीला टेकून उभी. सकाळपासून पोटात काही नसायचं. चहा दिला तर "मागनं घेईन" म्हणायची. काखेत कायम घडी घातलेलं एक जुनेर. मी परिचारिका आहे. मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण मी विचारलं नाही. ती बाया आणत होती, अभ्यास चालला होता, मला घाई होती. शेवटी तिनेच एक दिवस म्हटलं, "मला बी घे तुझ्या वहीत." आमच्या नियमात वयाची मर्यादा सत्तर होती. मी आधार कार्ड बघितलं आणि नाही म्हटलं. ती म्हणाली, "ते कार्डावरचं वय त्या कंप्युटरवाल्या पोरीनं टाकलंय. तिला काय म्हाईत, मी कधी जन्मले? माझ्या आयला बी न्हवतं म्हाईत." मी म्हटलं, आजी, म्हणजे वय जास्तही असेल. ती हसली. "हुशार हायस."

डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, अभ्यासात नको, पण उपचार देऊ की, उद्यापासून व्यायाम शिकवा. मी हा निरोप घेऊन गेले. आजी विचारात पडली. मग म्हणाली, "नको. आता नको." का, विचारलं. "मला शिकवलंस तर मी गप बसनार न्हाय. इसबगोलवाली येक जरी रडत आली ना, मी तिला दाखवीन. दाखवल्याशिवाय ऱ्हावनारच न्हाय. मंग तुझी चिठ्ठी वाया." संशोधन करणारे शिकलेले लोकही इथे चुकतात, हे मी पाहिलेलं आहे. एका गटाचा उपचार दुसऱ्या गटात झिरपला की सगळं मुसळ केरात. ते तिला कोणी समजावलं नव्हतं, तिला स्वतःचा स्वभाव माहीत होता एवढंच. आणि म्हणून ती थांबली. तीसहून जास्त वर्षं जे सोसलं, ते आणखी वर्षभर सोसायचं तिने स्वतः ठरवलं...

सहा आठवडे झाले आणि मी तक्ते गोळा करायला निघाले. जिथे जाईन तिथे एकच उत्तर. "फरक हाय, सिस्टर." "लय फरक हाय." यंत्रवाल्यांना फरक, इसबगोलवाल्यांनाही फरक. तक्ते स्वच्छ, खूण म्हणून नाही. डॉक्टरबाई खूश होत्या. मीही होते. उन्हातान्हात फिरून असं उत्तर मिळालं की माणूस जास्त विचारत नाही. आजीच्या ओटीवर शेवटचा थांबा होता. तिने मला बसवलं, आपण उभी राहिली आणि म्हणाली, "त्या सगल्या खोटं सांगतायत तुला."

मी चिडलेच. तुम्हाला कसं माहीत, विचारलं. तिने घरामागच्या परसाकडे हात केला. "दोरी बघते ना मी. लुगड्याच्या खाली झाकून काय वालत घालतात ते मला दिसतं. पयल्या म्हयन्यात जेवढं होतं, तेवढंच हाय." मग कशाला खोटं बोलतात? "तू उन्हातनं येतेस. तुला न्हाय कसं म्हनायचं? आनि मी आनलंय ना त्यांना. आजीचं नाव जायाला नको, म्हनून फरक हाय." तिने पुढचं बोलणं माझ्याकडे न बघता केलं. या सगळ्या बायांची बाळंतपणं तिच्याच हातची. कोणाचं पोर पायाळू, कोणाचं डोकं मोठं, कोणाला तिने घाई केलेली. ज्यांचं अवघड गेलं होतं, त्यांनाच ती आठवून आठवून आमच्याकडे आणत होती. "पाचव्या दिवशी मी जायची बघाया. बरं हाय ना, इचारायची. सगल्या म्हनायच्या, बरं हाय आजी. येक बाय सुदीक न्हाय बोलली. मी बी घरी यायची, जेवायची. चालीस वर्सं मी बरं हाय ऐकलंय, शिस्टर. माझी खोड त्यांना लागलीय, का त्यांची मला, म्हाईत न्हाय. पन आता पुन्यांदा तेच ऐकून मी मरनार न्हाय."

मी हे सगळं डॉक्टरबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "दोरीवरच्या कपड्यांवरून मी सहा आठवड्यांचे आकडे फेकून देऊ?" त्यांचंही चूक नव्हतं. आकडे फेकायचे म्हणजे नीतिसमितीला पत्र, मुदतवाढ, सगळं पहिल्यापासून. पण हट्टी असल्या तरी त्या सरळ आहेत. म्हणाल्या, चला, मला भेटवा तिला. दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. आजीने ओटीवर सतरंजी घातली, रंजनाला बाजूला सारून स्वतः कोरा चहा केला आणि कपबशा समोर ठेवल्या. आम्ही प्यायलो. आजी उभीच. "बरा हाय ना चहा?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान झालाय, आजी." "शिस्टर, तुला?" मी म्हटलं, "चांगलाय."

"साखर न्हाय त्यात," आजी म्हणाली. "मीठ घातलंय. दोन चमचे."

डॉक्टरबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. आतून रंजनाचं हसू ऐकू आलं, आणि लगेच दाबलेलं. आजी हसत नव्हती. "तुमी येवढ्या शिकलेल्या. माझ्या ओटीवर बसून तोंडावर खोटं बोललात. का? तर म्हातारीनं चहा केलाय, तिला वाईट वाटंल. मंग माझ्या बाया काय येगलं करतात?" डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आजी, साखरेचा करा आता एक. आणि मग सांगा, काय करायचं ते." परतीच्या वाटेत गाडीत त्या एवढंच बोलल्या, की पहिल्यापासून करू.

काय करायचं ते आजीकडे तयार होतं. लिहिता येत नसल्यामुळे कोणाला कितवा महिना हे लक्षात ठेवायची तिची पद्धत होती. दर पोटुशीच्या नावाचा एक डबा, आणि दर अवसेला त्यात एक वाल. नऊ झाले की ती पिशवी भरायची. तिचं म्हणणं, तसंच करा. प्रत्येकीला झाकणाचा डबा द्या. झालं की एक वाल टाकायचा, मग विसरून जायचं. पंधरवड्याने सिस्टर येईल, डबा बंदच्या बंद घेऊन जाईल, दुसरा देईल. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. "तुझ्या तोंडाकडं बघून बाय खोटं बोलंल. डब्यात टाकताना कुनाचं तोंड बघनार? वालाला काय लाज?"

पण आधी बायांना हे पटायला हवं होतं. त्यांच्या गावात कोणाच्या तरी साखरपुड्यासाठी बिरडं सोलायला बाया जमल्या होत्या. मोड आलेले वाल, गरम पाण्यात टाकलेले, भोवती वीसेक जणी. त्यातल्या निम्म्या आमच्याच. मीही बसले सोलायला. हात चालू असले की कोणी आपल्याकडे बघत नाही, हे आजीला माहीत होतं. ती खांबाला टेकून उभी होती. तिथूनच बोलली, फार मोठ्यानेही नाही. "मला आवरत न्हाय. धाकट्याच्या येलेपासून. तुमी सगल्या इचारता, आजी बसत का न्हाय. म्हनून बसत न्हाय." सोलायचे हात थांबले. गावातली सगळ्यात मानाची म्हातारी, जिच्या हातावर त्यांची पोरं पहिल्यांदा रडली, ती असं बोलली होती... मग कोपऱ्यातून एकीने विचारलं, "म्हंजे एसटीत तू मला सीट देतेस, ती म्हनून व्हय?" आजी म्हणाली, "मंग तुला काय वाटलं, तुझ्यावर माया हाय माझी?" आणि बाया जे हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, दोघी-तिघींच्या डोळ्यांतलं पाणी हसण्याचं नव्हतं. तेवढ्यात आजीने सांगून टाकलं. "आता माझं नाव राखायची कुनाला गरज न्हाय. मीच घालवलं. डब्यात खरं टाका."

अभ्यास पुन्हा सुरू झाला. पहिल्या पंधरवड्याला एक डबा अगदी रिकामा आला. मला वाटलं, चला, एक तरी बरी झाली. आजी म्हणाली, तिच्या सासूला इचार. मी आडून आडून विचारलं तर सासू म्हणाली, "होते की मूठभर वाल, पडलेले फडताळात. मी घातले बिरड्यात." मूठभर! तेव्हापासून आम्ही वाल गेरूत घोळवून द्यायला लागलो. तांबडेलाल वाल. त्यांना कोणी शिजवत नाही, आणि कोणी विचारलं तर सांगायचं, पूजेचे आहेत. घरी वाल मी घोळवायचे, हात दोन दिवस लाल राहायचे. आमच्या हॉस्पिटलातले तरुण डॉक्टर डबे बघून हसायचे. मी त्यांना चहा पाजायची धमकी द्यायचे.

खरे आकडे पहिल्या आकड्यांसारखे देखणे नव्हते. यंत्रावर शिकलेल्या बऱ्याच जणींचे डबे हळूहळू हलके होत गेले, काहींचे अजिबात झाले नाहीत. इसबगोलवाल्यांना थोडा आराम पडला. डॉक्टरबाईंना हवा होता तेवढा फरक नव्हता. होता तेवढा मात्र खरा होता, आणि तो त्यांनी तसाच लिहून पाठवला. जिच्या सासूने वाल बिरड्यात घातले होते, तिचा डबा तीन महिने तेवढाच भरून येत राहिला. व्यायाम तिला पुरणारा नव्हता. स्नायू पूर्ण तुटलेला होता, तो शिवून घ्यावा लागला. पहिल्या तक्त्यावर तिने सगळ्या चौकटी कोऱ्या ठेवल्या होत्या. त्या तक्त्यावर आम्ही विश्वास ठेवला असता तर ती आमच्या कागदावर बरी होऊन घरी गेली असती, आणि घरी परसातल्या दोरीवर तेच चाललं असतं. परवा मला ती रेवदंड्याच्या बाजारात दिसली. सुकटीच्या टोपल्या पुढ्यात घेऊन बसली होती. बसली होती, हे महत्त्वाचं.

शेवटचा डबा आला त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी आजीला बोलावलं. श्रावण होता. पडद्यावरची हिरवी रेघ बघून तिने विचारलं, "ही माझीच काय?" तिची रेघ सुरुवातीला जमिनीवरून उठतच नव्हती. वय झालेलं, इजा जुनी. मी तिला सांगितलं, आजी, फार आशा ठेवू नका. ती म्हणाली, "मी आशा ठेवाया आले न्हाय, आवलाया आले." रोज तीन वेळा, दहा-दहा मोजून. तिला दहापर्यंत मोजता यायचं आणि ती मोठ्याने मोजायची, रंजनाची मुलं तिच्याबरोबर मोजायची, कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं. तिने स्वतःसाठी एक डबा मागून घेतला. नंबर नसलेला. सुरुवातीला वाल मावायचे नाहीत. दिवाळीपर्यंत तळ झाकण्यापुरते.

दिवाळीनंतर ती हरिहरेश्वरला जाऊन आली. लग्न झालं त्या वर्षी एकदा गेली होती, त्यानंतर आत्ता. दुसऱ्या दिवशी एवढंच सांगायला आमच्याकडे आली. "बसून गेले," म्हणाली. "खिडकीला. रंजी म्हनली, आजी वारा लागंल, काच ओढ. मी म्हनलं, लागू दे." मग बोटं मोजली. "जाताना काय न्हाय. देवलात काय न्हाय. येताना येकदा." मला फार बरं वाटलं, आणि माझ्या तोंडून गेलंच, "म्हणजे बरं झालं म्हणायचं की आता, आजी!" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी झाले. "बरं म्हनू नको. येक लिव." मी म्हटलं, तुमचा तक्ताच नाही, आजी, तुम्ही अभ्यासात नाही, लिहू कुठे? "मंग ध्यानात ठेव."

ती झोपेतच गेली, बहुधा हृदय थांबलं. या आजाराशी त्याचा काही संबंध नाही. दहा तारखेला चार वाजता मी पोहोचले तेव्हा अंगण बायांनी भरलं होतं. बसलेल्या होत्या सगळ्या, खाली, दाटीवाटीने. माणसं तिला घेऊन गेली. मी निघताना रंजनाने आतून डबा आणून दिला. "आजीनं सांगून ठेवलंवतं, हा सिस्टरला दे. धुवू नको म्हणाली होती." घरी येऊन मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उपडा केला. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती डबा रिकामा करायची, म्हणजे हे नऊ दिवसांचे. दोन वाल होते. गेरू जरा उडालेला. दोनदा मोजायची गरज नव्हती, तरी मोजले. मग परत आत टाकले, झाकण लावलं आणि डबा पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण माझी सकाळची पाळी होती. वॉर्डात पहिल्याच खाटेवर पोयनाडकडची एक मुलगी, पहिलं बाळंतपण, चिमटा लावून बाळ काढावं लागलेलं, आज घरी सोडायची होती. सासू पिशव्या बांधून तयार. मी खाटेशी गेले आणि चोवीस वर्षांच्या सवयीने तोंडात आलं, बरं आहे ना. ते गिळलं. पर्समधून डबा काढून तिच्या उशाशी ठेवला. मग स्टूल ओढून बसले आणि तिला विचारलं, "केव्हा केव्हा आवरत नाही ते सांग." मुलगी सासूकडे बघायला लागली. सासूला मी खाली कँटीनमध्ये चहा आणायला पाठवलं. साखर बघून आणा, म्हटलं.